कागदात मुरलेले पाणी: सोलापुरातील एका रोहित्राच्या इन्सुलेशनचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

सोलापूरच्या अक्कलकोट रस्ता औद्योगिक वसाहतीत टेरी टॉवेल विणणारा एक कारखाना आहे. तेथील रोहित्राच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) बाबतीत सप्टेंबर २०२२ पासून जानेवारी २०२४ पर्यंत जे घडले, त्याची ही नोंद आहे. कारखान्याची आणि माणसांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे. मोजमापे माझ्या चाचणी-वहीतली आहेत. मी तेथे चाचणीसाठी जाणारा बाहेरचा माणूस होतो, आणि या प्रकरणातला पहिला चुकीचा निर्णय माझ्याच सल्ल्याने झाला, म्हणून तो भाग मी अधिक सविस्तर लिहिला आहे.

कारखान्यात ४८ रॅपियर माग, त्यांना लागून एक लहान डाइंग विभाग आणि बॉयलर आहे. वीज ११ किलोव्होल्टवर येते आणि ५०० केव्हीएचे एक रोहित्र ती ४३३ व्होल्टवर उतरवते. रोहित्र २००४ मधले आहे. त्याच्या टाकीत सुमारे ५०० लिटर खनिज तेल असते. त्या तेलात बुडालेल्या गुंडाळ्यांवर क्राफ्ट कागदाचे थर असतात, आणि गुंडाळ्यांच्या मध्ये प्रेसबोर्डाचे पडदे व ठोकळे बसवलेले असतात. अठरा वर्षांत या रोहित्राने एकदाही त्रास दिला नव्हता, आणि नेमक्या त्याच कारणाने त्याच्याकडे कोणी बारकाईने पाहिले नव्हते.

जागेबद्दल दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. रोहित्राचा चौथरा डाइंग विभागाच्या मागच्या भिंतीला लागून आहे आणि वाफ बाहेर सोडणारा नळ त्याच भिंतीतून दहा-बारा फुटांवर निघत असे. पावसाळी वारा पश्चिमेकडून वाहू लागला की ती वाफ सरळ रोहित्राच्या अंगावर येई. दुसरे म्हणजे, मागांवरून उडणारे सुताचे तंतू रेडिएटरच्या पाकळ्यांत अडकून त्यांचा जाडसर थर झाला होता, त्यामुळे आधीच कडक उन्हाळा सोसणारे हे तेल आणखी काही अंश तापत असे.

समस्या कशी लक्षात आली

सप्टेंबर २०२२ मध्ये, चांगला पाऊस होऊन गेल्यावर, मी वार्षिक चाचणीसाठी गेलो. पहिली नजर ब्रीदरवर, म्हणजे रोहित्रात जाणारी हवा कोरडी करणाऱ्या डबीवर, गेली. त्यातले सिलिका जेल कोरडे असताना निळे असते आणि ओलावा शोषला की गुलाबी होते. येथे ते फिकट होत होत जवळजवळ पांढरे पडले होते, आणि खालच्या कपातले तेल पूर्ण आटले होते. म्हणजे कन्झर्व्हेटरमध्ये (टाकीच्या वरच्या तेलाच्या छोट्या पिंपात) जाणारी हवा कित्येक महिने गाळली जात नव्हती. ही हवा किती, याचा अंदाज करता येतो. तेल दर अंशाला साधारण ०.०००७५ पटीने प्रसरण पावते. दिवसाच्या भारात आणि रात्रीच्या विश्रांतीत ३० अंशांचा फरक धरला, तर ५०० लिटर तेल रोज अकरा लिटरच्या आसपास हवा आत-बाहेर करते. डाइंगची वाफ मिसळलेली ती हवा होती.

तेलाच्या नमुन्याची बीडीव्ही, म्हणजे तेल किती व्होल्टेजला फुटते ते, सरासरी २४ किलोव्होल्ट आली. या चाचणीत दोन इलेक्ट्रोडमध्ये २.५ मिलिमीटर अंतर ठेवून व्होल्टेज सेकंदाला २ किलोव्होल्टने वाढवतात आणि सहा वेळा ठिणगी पाडून सरासरी काढतात. या दर्जाच्या चालू रोहित्रासाठी ३० किलोव्होल्ट ही खालची मर्यादा मानतात. मेगरवर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणावर, उच्च-दाब गुंडाळी ते जमीन एका मिनिटाला २१० मेगाओहम मिळाले. त्या वेळी तेल ५२ अंशांवर होते. दहाव्या मिनिटाचे वाचन पहिल्या मिनिटाच्या १.१५ पट होते. मेगरचा काटा हळूहळू चढत जातो, कारण कागदासारख्या डायइलेक्ट्रिकमधले (विद्युतरोधक पदार्थातले) रेणू विद्युतक्षेत्राच्या दिशेने वळायला वेळ घेतात आणि त्यासाठी लागणारा शोषण-प्रवाह मिनिटामिनिटाने कमी होतो. गळती-प्रवाह मात्र कायम राहतो. ओले इन्सुलेशन असले की गळती इतकी वरचढ होते की काटा चढतच नाही. तेलातल्या रोहित्राला हा निकष मोटारीइतका नेमका लागू पडत नाही, कारण तेल स्वतः हलत असते, तरीही १.१५ हा आकडा नजरेआड करण्याजोगा नव्हता.

तेल आणि कागद

पुढचे सगळे निर्णय एका गोष्टीवर उभे आहेत, म्हणून येथे थोडे थांबावे लागेल. रोहित्राच्या आत पाणी कोठे असते? तेलात ते फार थोडे असते. समजा, या रोहित्रात कागद आणि प्रेसबोर्ड मिळून ८० किलो आहे आणि त्यात वजनाच्या ३ टक्के ओलावा आहे. ते झाले २.४ किलो, म्हणजे पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्यांहून जास्त. उलट ४४० किलो तेलात ३० पीपीएम (दहा लाख भागांत ३० भाग) पाणी असले, तर ते भरते १३ ग्रॅम. चहाचे अडीच-तीन चमचे. तेल काढून गाळून त्यातला थेंब न् थेंब काढला, तरी कागदातला साठा जिथल्या तिथे राहतो.

हे पाणी एका जागी बसूनही राहत नाही. तेल तापले की त्याची पाणी विरघळवण्याची क्षमता झपाट्याने वाढते: २० अंशांना ती सुमारे ५० पीपीएम असते, तर ६० अंशांना सुमारे २५०. त्यामुळे रोहित्र भारावर असताना कागद पाणी सोडतो आणि तेल ते घेते. थंड होताना तेलाला ते परत करायचे असते, पण कागद घेताना फार सावकाश घेतो. गरम असताना काही दिवसांत होणाऱ्या देवाणघेवाणीला थंडीत आठवडे लागतात. तेल मात्र एका रात्रीत गार होते. मधल्या काळात ते पाणी जिरवता येत नाही आणि धरूनही ठेवता येत नाही, अशा अवस्थेत तेल असते.

तेलाची ताकद त्यात एकूण किती पाणी आहे यावर तितकीशी ठरत नाही. ते संपृक्ततेच्या किती जवळ पोचले आहे यावर ठरते. ३४ पीपीएम पाणी ६० अंशांच्या तेलात निरुपद्रवी असते, कारण ते क्षमतेच्या सातव्या हिश्शाइतकेच आहे. तेच ३४ पीपीएम २० अंशांना दोन-तृतीयांश संपृक्तता होते. अशा वेळी तेलात तरंगणारे कागदाचे सूक्ष्म तंतू पाणी ओढून घेतात. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (विद्युतक्षेत्राचा पदार्थावर किती परिणाम होतो याचे माप) सुमारे ८० आणि तेलाचा २.२, त्यामुळे ओला तंतू विद्युतक्षेत्र जिथे तीव्र असेल तिकडे खेचला जातो, क्षेत्राच्या दिशेने वळतो आणि एकामागोमाग एक असे तंतू लागून पूल तयार होतो. शिवाय कागदाचा स्थिरांक तेलापेक्षा जास्त असल्याने, दोघे एकामागे एक असताना व्होल्टेजचा ताण तेलाच्या पट्टीवर अधिक पडतो. म्हणजे ज्या घटकाची ताकद आधी ढासळते, ओझेही त्याच्याच माथी जास्त.

सप्टेंबरमध्ये समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय होता फिल्टर मशीन लावून जागेवरच तेल गाळण्याचा. एका साप्ताहिक सुट्टीत काम होते आणि खर्च काही हजारांत राहतो. दुसरा, सगळे तेल बदलण्याचा. तो महाग होता आणि कागदाच्या दृष्टीने पहिल्यापेक्षा फारसा वेगळा नव्हता, म्हणून तो लगेच मागे पडला. तिसरा पर्याय होता रोहित्र वर्कशॉपमध्ये नेऊन, गाभा व गुंडाळ्या बाहेर काढून, निर्वात भट्टीत सुकवण्याचा. त्याला दहा-बारा दिवस लागणार होते आणि खर्च दीड लाखाच्या घरात जाणार होता. तेवढ्या काळासाठी दुसरे रोहित्र भाड्याने आणून बसवायचे, तर विद्युत निरीक्षक कार्यालयाच्या मंजुरीसाठीही दिवस धरावे लागले असते.

दिवाळी २४ ऑक्टोबरला होती. मागांवर परदेशी मागणीचा माल चढलेला होता. मालकांनी मला सरळ विचारले, "फिल्टर करून दिवाळी निघते का?" मी "निघते" असे उत्तर दिले.

हे उत्तर अगदीच निराधार नव्हते, कारण दिवाळी खरोखर निघाली. पण प्रश्न पुरेसा मोठा करून विचारणे हे माझे काम होते. पांढरे पडलेले जेल, १.१५ चे गुणोत्तर आणि भिंतीतून येणारी वाफ या तिन्ही गोष्टी कागदातल्या साठ्याकडे बोट दाखवत होत्या, आणि मी तेलावर उपाय सुचवला. त्याच दिवशी कार्ल फिशर पद्धतीने तेलातले पाणी मोजून घेतले असते, तर तेलाच्या तापमानाशी जोडून कागदातल्या ओलाव्याचा अंदाज करता आला असता. तो नमुना प्रयोगशाळेत पाठवला गेला नाही.

पहिली कारवाई

सुट्टीच्या दिवशी सकाळी आठपासून दुपारी तीनपर्यंत, सात तास, ५५ अंशांवर तेल फिरवून गाळले. ब्रीदरमध्ये नवे जेल आणि कपात तेल भरले. शेवटच्या नमुन्याची बीडीव्ही ६२ किलोव्होल्ट आली. मेगरवर ५५ अंशांना २६० मेगाओहम. मी अहवालावर "समाधानकारक" असे लिहिले आणि पुढची चाचणी एका वर्षाने अशी नोंद केली. त्या अहवालाच्या छापील नमुन्यात तेलाचे तापमान लिहायला रकानाच नव्हता. मी ते माझ्या वहीत टिपले होते, म्हणूनच पुढे उपयोगी पडले.

सात तासांत तेलातून जे निघायचे ते निघाले. कागदाचे थर मिलिमीटरात मोजायचे असले, तरी त्यांच्या आतून पाणी पृष्ठभागावर यायला सात तास काहीच नसतात. दिवाळीनंतर माग पूर्ण भारावर चालू राहिले, तेल रोज तापत राहिले आणि कागद त्या कोरड्या तेलाला रोज थोडे थोडे पाणी देत राहिला.

जानेवारी: चालू करायचे की नाही

संक्रांतीच्या आठवड्यात सिद्धेश्वर महाराजांच्या यात्रेसाठी कारखाना चार दिवस बंद ठेवतात. नंदीध्वजांची मिरवणूक आणि होम मैदानावरचा गड्डा (जत्रा) सोडून त्या दिवसांत मागावर उभे राहायला कोणी येत नाही, आणि तशी अपेक्षाही कोणी करत नाही. जानेवारी २०२३ मध्ये मालकांनी या चार दिवसांसाठी रोहित्रच बंद ठेवायला सांगितले, कारण विनाभार असतानाही ते सुमारे ९०० वॉट खाते. वाचणार होती ती ८६ युनिट वीज.

यात्रा संपल्यावर सकाळी वायरमन ब्रेकर लावायला गेला, तेव्हा त्याला नव्या जेलचा खालचा थर गुलाबी झालेला दिसला. सप्टेंबरमध्ये मी त्याला एवढेच सांगून ठेवले होते की जेलचा रंग बदलला तर ब्रेकर लावण्याआधी फोन कर. त्याने तो केला. या संपूर्ण प्रकरणात सर्वात मोलाची कृती कोणती असे कोणी विचारले, तर मी या फोनकडे बोट दाखवीन.

मी पोचलो तेव्हा तेलाचे तापमान १९ अंश होते. खालच्या व्हॉल्व्हमधून पहिले लिटरभर तेल सोडून दिले, बाटली त्याच तेलाने दोनदा विसळली आणि नमुना भरला. भरलेली बाटली उजेडासमोर धरली, तेव्हा तेल सप्टेंबरमधल्यासारखे नितळ नव्हते. त्यात अगदी हलके धुके होते, काच हातात फिरवली तरी न हलणारे. बीडीव्ही २१ किलोव्होल्ट आली. तेच तेल, जे साडेतीन महिन्यांपूर्वी ६२ ला फुटले होते.

मग मेगर लावला. पहिले वाचन ४१० आले. बुशिंगवर, म्हणजे तारा टाकीबाहेर आणणाऱ्या इन्सुलेटरवर, दव आणि सुताचे तंतू होते. ते कोरड्या फडक्याने पुसून, पृष्ठभागावरची गळती वेगळी काढण्यासाठी गार्ड टर्मिनल जोडून पुन्हा घेतले, तर ६४० मेगाओहम आले. वायरमनने वहीत डोकावून पाहिले आणि म्हणाला, "साहेब, मेगर तर वाढलंय की. दोनशे साठ होतं, सहाशे चाळीस झालं." मालकही तेथेच उभे होते, आणि फाटकावर चार दिवसांनी परतलेली मागावरची माणसे होती. मालकांचे म्हणणे साधे होते: तेल थंड आहे म्हणून आकडा खाली आला असेल, रोहित्र चालू केले की आपोआप तापेल आणि सुधारेल, मेगर तर चांगलाच आहे.

या म्हणण्याचा पहिला अर्धा भाग बरोबर होता, आणि म्हणूनच तो धोक्याचा होता. तेल तापल्यावर बीडीव्ही खरोखर वाढली असती. पण तापायला काही तास लागतात, आणि ११ किलोव्होल्टचा पूर्ण ताण पहिल्याच क्षणी, सर्वात कमकुवत अवस्थेतल्या तेलावर आणि ओल्या कागदावर पडतो. चालू करताना येणारा चुंबकन-प्रवाहाचा झटका आणि स्विचिंगचे उसळते व्होल्टेज यांची त्यात भर पडते.

म्हणण्याचा दुसरा अर्धा भाग मात्र चूक होता. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी उतरले की इन्सुलेशनचा रोध दुप्पट होतो. ५५ वरून १९ म्हणजे ३६ अंश, दोनाचा ३.६ वा घात सुमारे १२. सप्टेंबरमधली अवस्था टिकली असती, तर २६० च्या जागी आज ३,१०० च्या आसपास दिसायला हवे होते. दिसत होते ६४०. वाढलेला वाटणारा आकडा प्रत्यक्षात पाचव्या हिश्शावर घसरलेला होता. मी हा हिशेब चौथऱ्याच्या कठड्यावर वही ठेवून मालकांसमोर मांडला. ते स्वतः सुताच्या काउंटचा आणि ओलाव्याचा हिशेब रोज करणारे गृहस्थ आहेत. ओल्या सुताचे वजन आणि कोरड्या सुताचे वजन एकाच ओळीत लिहीत नाहीत, हे त्यांना सांगावे लागले नाही. त्यांनी एकदा फाटकाकडे पाहिले आणि म्हणाले, "मग नका लावू."

जानेवारीतले पर्याय आणि निवड

आता तीन वाटा होत्या. जनरेटरवर फिल्टर मशीन चालवून दोन दिवस गरम तेल फिरवायचे आणि मग रोहित्र चालू करायचे, ही पहिली. यात कागद थोडाफार सुकतो, पण ६० ते ६५ अंशांवर प्रेसबोर्डाच्या जाड ठोकळ्यांतले पाणी बाहेर यायला कित्येक आठवडे लागले असते. आम्ही तीच चूक मोठ्या प्रमाणात केली असती. दुसरी वाट नवे रोहित्र घेण्याची. पुरवठादाराने सहा आठवड्यांची मुदत सांगितली. तिसरी वाट सुकवणीची, जी सप्टेंबरमध्ये सोडली होती.

सुकवणी निवडली. कारखान्याच्या २५० केव्हीए जनरेटरवर २४ माग चालतील एवढी सोय झाली. डिझेलचा खर्च सोसून अर्ध्या मागांवर काम सुरू राहिले. तेलाचा एक नमुना प्रयोगशाळेत गेला होता. त्यात ३४ पीपीएम पाणी निघाले.

दुसरी कारवाई

वर्कशॉपमध्ये वरचे झाकण उचलले, तेव्हा कारण डोळ्यांना दिसले. झाकणाखालचे कॉर्कचे गॅस्केट कडक होऊन दोन ठिकाणी तडकले होते. झाकणाच्या आतल्या बाजूला गंजाचे ठिपके होते आणि त्यातल्या एका ठिपक्यापासून एक तपकिरी ओघळ खाली उतरून वरच्या योकच्या (गाभ्याच्या आडव्या भागाच्या) कडेवर थांबला होता. ब्रीदर हे पाणी शिरण्याचे एक दार होते, हे गॅस्केट दुसरे. सप्टेंबरमध्ये मी पहिले दार बंद केले आणि दुसरे पाहिलेच नाही.

येथे आणखी एक निर्णय होता: गुंडाळ्या नुसत्या सुकवायच्या की नव्याने गुंडाळायच्या. त्यासाठी एका लीडवरच्या (गुंडाळीतून बाहेर येणाऱ्या तारेवरच्या) कागदाचा तुकडा काढून, तेथे नवा कागद गुंडाळून, तो तुकडा तपासायला दिला. कागदाचा सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या एककांची लांब साखळी. नव्या कागदात ती सरासरी हजार-बाराशे एककांची असते आणि दोनशेच्या आसपास आली की कागद बोटाने चुरगळतो. आमचा आकडा आला ४६०. कागदाची यांत्रिक ताकद बरीच उरली होती, म्हणून सुकवणीचा निर्णय कायम ठेवला.

निर्वात भट्टीत १०० अंशांच्या आसपास सुकवणी ७० तास चालली. दर चार तासांनी मेगर घेतला. दुसऱ्या दिवशी मालक वर्कशॉपमध्ये आले, तेव्हा रोध दर वाचनाला खाली चाललेला होता आणि ते पाहून त्यांचा चेहरा उतरला. सुकवणीचा आलेख असाच असतो: आधी तापमान वाढते म्हणून रोध उतरतो, मग पाणी सुटू लागते तेव्हा तो तळाशी रेंगाळतो, आणि पाणी संपत आले की त्याच तापमानाला वर चढू लागतो. आमचा काटा चाळिसाव्या तासानंतर वळला. शेवटचे बारा तास आकडा स्थिर राहिल्यावरच भट्टी थांबवली. निर्वात पंपाच्या संघनकात जमलेले पाणी आम्ही मापाच्या भांड्यात ओतून पाहिले, ते १.७ लिटर भरले. स्वच्छ, बिनवासाचे, पिण्याच्या पाण्यासारखे दिसणारे पाणी. मालकांनी ते भांडे हातात घेऊन बराच वेळ पाहिले. सप्टेंबरमध्ये गाळून काढलेले पाणी काही ग्रॅम होते.

सुकल्यावर प्रेसबोर्ड आकसतो, त्यामुळे गुंडाळ्यांचे दाब-बोल्ट पुन्हा आवळले. हे राहून गेले, तर पुढच्या शॉर्टसर्किटच्या धक्क्याला गुंडाळी जागची हलू शकते. नवे नायट्राइल-कॉर्क गॅस्केट बसवले, नवे तेल निर्वातात भरले आणि उच्च-दाब चाचणीपूर्वी ते २४ तास स्थिरावू दिले. दरम्यान कारखान्यात वाफेचा नळ वळवून छपराच्या वर नेला आणि रेडिएटर स्वच्छ केले. बाराव्या दिवशी रोहित्र चालू झाले.

निष्पत्ती

चालू करण्यापूर्वी ३० अंशांना ३,४०० मेगाओहम, दहाव्या आणि पहिल्या मिनिटाचे गुणोत्तर १.९, बीडीव्ही ६८ किलोव्होल्ट असे आकडे होते. या वेळी मी त्यांच्यावर विसंबलो नाही. तीन आठवड्यांनी, मे महिन्यात आणि सप्टेंबरमध्ये असे तीनदा पुन्हा नमुने घेतले. खरी परीक्षा जानेवारी २०२४ मध्ये होती. यात्रेच्या दिवसांत रोहित्र मुद्दाम बंद ठेवले, आणि तेल २० अंशांवर असताना सकाळी चाचणी केली. बीडीव्ही ५८ किलोव्होल्ट, पाणी ७ पीपीएम, मेगर ६,२०० मेगाओहम. हिशेबाने ६,८०० यायला हवे होते. एवढी घट त्या ढोबळ नियमाच्या मर्यादेत बसते.

मालाची एक खेप उशिरा गेली आणि डिझेलचा खर्च सुकवणीच्या खर्चाहून अधिक झाला.

वेगळे काय करता आले असते

सुकवणी दिवाळीच्या सुट्टीत करता आली असती. त्या काळात मागावरची माणसे आठवडाभर तरी नसतात. आधी ठरवून, कागदपत्रे पूर्ण करून तो काळ वापरला असता, तर जनरेटरवर बारा दिवस काढावे लागले नसते. सप्टेंबरमध्ये तेल गाळणे चूक नव्हते. ते दिवाळीपर्यंतची तात्पुरती सोय म्हणून मांडायला हवे होते, आणि दिवाळीच्या सुट्टीतली सुकवणी त्याच पत्रात लिहायला हवी होती. मी त्याला "समाधानकारक" म्हटले, आणि त्या एका शब्दाने मालकांचा पुढचा विचार थांबवला.

गाळल्यानंतर लगेच घेतलेला नमुना फिल्टर मशीनचे काम कसे झाले ते सांगतो. रोहित्राबद्दल तो फार थोडे सांगतो. दोन ते तीन आठवडे भारावर चालल्यानंतर, तेलाचे तापमान नोंदवून घेतलेला दुसरा नमुना हवा होता. तो घेतला असता, तर नोव्हेंबरातच आकडा घसरताना दिसला असता. माझ्या अहवालात आता तेलाचे तापमान, नमुन्याची वेळ आणि त्या वेळचा भार यांसाठी तीन रकाने आहेत, आणि मेगरचे वाचन २० अंशांवर आणून शेजारी लिहिले जाते.

थंडीत रोहित्र बंद ठेवण्याबद्दल मी अजून एका मतावर ठाम नाही. ओलावा असलेले रोहित्र चालूच ठेवले, तर तेल उबदार राहते आणि निदान तो धोका टळतो. ८६ युनिट ही त्यासाठी मोठी किंमत नव्हे. पण त्या वर्षी ते बंद ठेवले नसते, तर जेलकडे लक्ष गेले नसते, तेल थंड अवस्थेत तपासले गेले नसते, आणि दोष एखाद्या जोराच्या पावसाळी रात्री, वीज जाऊन परत येताना उघड झाला असता. कोरड्या रोहित्राला बंद ठेवण्यात अडचण नाही. कोरडे आहे की नाही हे माहीत नसेल, तर बंद करण्यापूर्वी आणि चालू करण्यापूर्वी नमुना घ्यावा, एवढेच मी सध्या सांगतो.

एक गोष्ट मात्र कोणत्याही उपायाने परत आलेली नाही. पाणी काढता येते, तुटलेली साखळी जोडता येत नाही. कागदात ओलावा दुप्पट असला की त्याचे वय साधारण दुप्पट वेगाने वाढते, आणि या कागदाने ती वर्षे आधीच खर्च केली आहेत. ४६० हा आकडा आता खालीच जाणार. तो किती वेगाने जातो हे टाकी न उघडता कळावे, म्हणून दर जानेवारीत यात्रेनंतरच्या सकाळी तेलातल्या फ्युरानचीही तपासणी करायची असे ठरले आहे. कागद तुटताना जे पदार्थ तेलात उतरतात, त्यांतला हा एक. पहिला नमुना त्याच वायरमनने काढला: लिटरभर तेल सोडून दिले, बाटली दोनदा विसळली, आणि चिठ्ठीवर तारखेच्या आधी तेलाचे तापमान लिहिले.